वळणावरची खुंटी

माझ्या सरावाच्या वहीत एका पानावर दोन वेळा लिहिलेल्या आहेत. 12 मिनिटं 20 सेकंद आणि 13 मिनिटं 5 सेकंद. दोन्ही 3 किलोमीटरच्या, दोन्ही नववीतल्या मुलींच्या, दोन्ही 2019 च्या श्रावणातल्या. त्या पानावरून मी एका मुलीला निवडलं आणि दुसरीला मागे ठेवलं. सेकंद बरोबर होते. 3 किलोमीटर मात्र त्या दोन वाटांपैकी एकीवरही नव्हते.

शहापूर तालुक्यात किन्हवलीच्या बाजूच्या एका माध्यमिक शाळेत मी 24 वर्षं शारीरिक शिक्षण शिकवलं. आमच्याकडे मुलं दोन्ही अंगांनी येत, काही शहापूरच्या गावांतून, काही मुरबाडकडच्या वाड्यापाड्यांवरून. आखलेला 400 मीटरचा ट्रॅक बहुतेकांनी पाहिलेला नसे. आमचं अंतर म्हणजे रस्त्याकडेचे विजेचे खांब आणि किलोमीटरचे दगड. ‘तिसऱ्या खांबापर्यंत जोरात, पाचव्यापर्यंत सावकाश’ असा आमचा सराव चाले. 2016 मध्ये पैसे साठवून मी जीपीएसचं घड्याळ घेतलं, तेव्हा मनापासून वाटलं की आता आमच्या मुलांचंही मोजमाप शहरातल्या मुलांसारखं होईल. एखादी वाट मनगटावर बघत चालून यायची आणि ‘ही 3 किलोमीटर’ असं सांगायचं. खांब मोजणं मी त्याच महिन्यात सोडून दिलं.

त्या घड्याळाने मला एक इशारा आधीच दिला होता. 2018 च्या जानेवारीत मी मुंबईत पहिली मॅरेथॉन धावलो. चार तासांच्या आत पोहोचायचं ठरवलं होतं. त्यासाठी किलोमीटरला 5 मिनिटं 41 सेकंद हा वेग लागतो, आणि तो मी घड्याळात बघून शेवटपर्यंत सांभाळला. घड्याळात 42.195 किलोमीटर पुरे झाले तेव्हा समाप्तीची कमान दिसतही नव्हती. मी कमानीखाली पोहोचलो तेव्हा चार तासांवर दोन मिनिटं उलटली होती आणि घड्याळ जवळजवळ अर्धा किलोमीटर जास्त दाखवत होतं. परत येऊन शिक्षकांच्या खोलीत मी सगळ्यांना सांगितलं, आयोजकांनी मार्गच चुकीचा मोजला.

मॅरेथॉनचा अधिकृत मार्ग कसा मोजतात, याची तेव्हा मी चौकशीसुद्धा केली नाही. तो सायकलने मोजतात. पुढच्या चाकाला फेरे मोजणारं यंत्र बसवतात. आधी पोलादी फितीने मोजलेल्या सरळ पट्ट्यावर सायकल चालवून चाकाचा हिशेब पक्का करतात आणि मोजणी संपल्यावर तो पुन्हा तपासतात, कारण ऊन चढलं की टायरमधल्या हवेचा दाब बदलतो. रस्त्याच्या कडेपासून 30 सेंटिमीटर अंतर ठेवून, प्रत्येक वळण आतून घेत, शक्य तितक्या जवळच्या वाटेने मोजतात. वर हजारामागे एक या हिशेबाने लांबी वाढवतात. पूर्ण मॅरेथॉनला ती 42 मीटर होते. मार्ग कमी भरू नये एवढीच त्यामागची काळजी असते. इतकी माणसं रस्त्यावर वाकून मोजतात आणि मी मनगटाकडे बघून त्यांना खोटं ठरवलं. त्या दिवशी घड्याळावर शंका घेतली असती, तर पुढच्या वर्षी जे घडलं ते कदाचित टळलं असतं.

2019 च्या जुलैअखेरीस पावसाने आमच्या भागाला झोडपून काढलं. 27 तारखेला उल्हास नदीच्या पुरात वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली, हे सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. आमच्याकडे ओढ्यांवरचे साकव पाण्याखाली गेले आणि शाळेच्या मैदानावर नुसता चिखल झाला. त्याच सुमारास ठाण्याच्या एका निवासी सराव शिबिराचं पत्र आलं. लांब पल्ल्यासाठी एक मुलगी पाठवा, दिवाळीनंतर राहणं, जेवण, शाळा, सगळं तिकडेच. निवड ऑगस्टच्या मध्यापर्यंत कळवायची होती.

माझ्याकडे दोघी होत्या. एक किन्हवली–सरळगाव रस्त्यालगतच्या गावातली, दुसरी आत ओढ्यापलीकडच्या कातकरी वाडीवरची. वाडीवरची मुलगी त्या दिवसांत शाळेत येत नव्हती. वाट बंद होती आणि पावसामुळे लांबलेली आवणी उरकायला घरात तिचे हात हवे होते. दोघींना एकाच जागी आणून शेजारी शेजारी पळवायचं, तर आठ-दहा दिवस थांबावं लागलं असतं. तेवढा वेळ होता. मी थांबलो नाही, कारण माझ्याकडे घड्याळ होतं. ज्याच्याकडे मोजायचं साधन आहे त्याने एकत्र आणायची वाट कशाला बघायची, असा माझा विचार.

रस्त्याकडच्या मुलीला मी डांबरी रस्त्याच्या सरळ पट्ट्यावर 3 किलोमीटर आखून दिले. पाणी थोडं ओसरल्यावर लांबच्या पुलाने वळसा घालून वाडीवर गेलो आणि तिथल्या मुलीसाठी तिच्याच रोजच्या वाटेवर 3 किलोमीटर आखले. ती वाट सागाच्या रानातून ओढ्याच्या काठाने जाते. पुढे वेळूच्या बेटाला वळसा घालते, मग भातखाचरांचे बांध धरते. वीस पावलं सरळ गेली असं क्वचितच होतं. घड्याळात 3.00 उमटलं तिथे मी एका ऐनाच्या बुंध्याला चुना लावला.

मुलगी माझ्या मागून चालत होती. चुना लावून झाल्यावर ती म्हणाली, “सर, ही वाट लांब आहे. तीनापेक्षा जास्त आहे.”

“तुला कसं कळलं?”

“रस्त्यावरचे तीन मी पळलेय ना सर. हे लांब आहे.”

मी तिच्यासमोर मनगट धरलं. “हे बघ. तीन.”

तिने घड्याळाकडे पाहिलं आणि मान हलवली. पुन्हा काही बोलली नाही.

माझी चूक कुठे झाली, असं कुणी विचारलं तर मी याच क्षणाकडे बोट दाखवतो. उपकरण चुकतं हे मला माहीत नव्हतं, हे अज्ञान समजण्यासारखं आहे. पण जी मुलगी डोक्यावर हंडा घेऊन, पाठीवर दप्तर घेऊन ती वाट रोज पायाखाली घालत होती, तिने मला साफ सांगितलं होतं. तिचं म्हणणं तपासण्याऐवजी मी ते घड्याळ दाखवून बंद केलं. वर्गात फळ्यावरचं उत्तर चुकलं असं एखादं मूल म्हणालं, तर मी गणित पुन्हा करून बघत असे. इथे तेवढंही केलं नाही.

पुढच्या आठवड्यात दोघींच्या वेळा घेतल्या. रस्त्यावर 12:20, वाडीवर 13:05. आपण न्यायाने वागतोय असं मला वाटत होतं, म्हणून चिखलाचे 20 सेकंद मी वाडीवरच्या मुलीला सोडले. तरी ती 25 सेकंदांनी मागेच राहिली. शिबिराला रस्त्याकडच्या मुलीचं नाव गेलं. वाडीवरच्या मुलीला मी सांगितलं, “थोडक्यात राहिलं. पुढच्या वर्षी बघू.” दिवाळीनंतर तिचं कुटुंब भिवंडीकडच्या वीटभट्टीवर गेलं. आमच्याकडच्या कातकरी कुटुंबांचं हे दरवर्षीचं आहे. भात झोडून झालं की उचल घेतलेल्या भट्टीवर जायचं आणि पावसाच्या तोंडावर परतायचं. ती घरच्यांबरोबर गेली. शिबिरात असती, तर त्या वर्षी तिला जावं लागलं नसतं.

जानेवारीत मी वाडीजवळच्या गावात एका कार्यक्रमाला गेलो होतो. तिथे मोजणी खात्यातून निवृत्त झालेले एक आजोबा भेटले. सगळी नोकरी त्यांनी जमिनीवर साखळी ओढण्यात काढली होती. 33 फुटांची साखळी. तेवढ्या लांबी-रुंदीचा चौरस म्हणजे एक गुंठा. माझं घड्याळ बघून त्यांनी ते कसं मोजतं, असं विचारलं. मी सांगितलं, वरच्या उपग्रहांवरून आपण कुठे आहोत ते ओळखतं, थोड्या वेळाने पुन्हा ओळखतं आणि मधलं अंतर जोडत जातं.

आजोबा म्हणाले, “गुरुजी, वळणावर साखळी ओढायची तर दर वळणाला खुंटी मारावी लागते. नाहीतर साखळी आडवी जाते आन् वळण हिशेबातून जातं. तुमचं घड्याळ खुंटी कुठं मारतं?”

मला उत्तर देता आलं नाही. घरी आलो आणि घड्याळाची माहितीपुस्तिका पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचली. पावसाळ्यात वीज सारखी जाते, म्हणून मी बॅटरी वाचवायची सोय चालू केली होती. तीत घड्याळ दर सेकंदाला जागा टिपत नाही, बऱ्याच सेकंदांनी एकदा टिपतं. म्हणजे खुंट्या लांब लांब पडत होत्या आणि ते अंतर मीच वाढवून ठेवलं होतं.

मग फोनमध्ये साठलेली त्या दिवसाची रेघ उघडली. ऑगस्टपासून ती तिथेच होती. मी फक्त खालचा आकडा वाचला होता, रेघ नकाशावर ठेवून पाहिली नव्हती. ओढ्याच्या काठाने वळणारी वाट रेघेत तीन ठिकाणी सरळ ओढ्यातून गेली होती, पुराच्या दिवसांत जिथे कुणी पाय घालणार नाही अशा जागांतून. वेळूच्या बेटाला वळसा नव्हता, रेघ बेटातून आरपार. बांधांचे काटकोन खाचरांतून तिरपे कापलेले. एका घरातून तर ती थेट पलीकडे निघाली होती. घड्याळाने वळणं खाल्ली होती आणि त्याचा पुरावा पाच महिने माझ्या खिशात होता.

डांबरी रस्त्याची रेघ पाहिली, तर तिथे उलटा प्रकार. रस्ता सरळ, पण रेघ कधी डाव्या शेतात, कधी उजव्या. याचं कारण समजून घ्यायला मला आणखी काही दिवस लागले. जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवर फिरतात. किमान चार उपग्रहांचे संदेश पोहोचायला किती वेळ लागला, यावरून घड्याळ आपली जागा काढतं. संदेश प्रकाशाच्या वेगाने येतो, त्यामुळे वेळेत एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी जागा 300 मीटर सरकते. 2000 च्या मे महिन्यापर्यंत तर अमेरिका सामान्य लोकांसाठीच्या संदेशात मुद्दाम चूक मिसळत असे. ती बंद झाली म्हणून हे साधन मनगटावर येण्याजोगं झालं. आता मोकळ्या आभाळाखाली चूक काही मीटरची असते. पण ओल्या पानांच्या दाटीत, डोंगराच्या कुशीत किंवा उंच इमारतींमध्ये संदेश दबतो, किंवा कशावर तरी आपटून उशिरा पोहोचतो आणि जागा आणखी हलते.

सरळ वाटेवर असे इकडेतिकडे पडलेले ठिपके जोडले की रेघ नागमोडी होते, आणि नागमोडी रेघ सरळ रेघेपेक्षा लांबच भरते. म्हणून सरळ रस्ता घड्याळात वाढतो. 2016 मध्ये पीटर रानाखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जीपीएसने अंतर जास्त का भरतं, यावर सविस्तर शोधनिबंध लिहिला आहे, तो याच गोष्टीचा. मुंबईत माझं घड्याळ पुढे का पळालं, ते तेव्हा उमजलं. ठिपके हलत होते आणि मीही वळणं आतून न घेता माणसं चुकवत रस्ताभर भटकत होतो. वळणाच्या वाटेवर मात्र ठिपके लांब पडले की वळणाची जागा सरळ रेघ घेते आणि वाट घड्याळात आखडते.

सगळ्यांना सारखीच चूक लागली असती, तर निवड चुकली नसती. दोघींच्या वेळा सारख्याच बिघडल्या असत्या आणि क्रम तोच राहिला असता. पण माझ्या घड्याळाची चूक वाट बघून लागत होती. डांबरी रस्त्यावरच्या मुलीला ते झुकतं माप देत होतं, पाऊलवाटेवरच्या मुलीचं काढून घेत होतं. आमच्या तालुक्यांत सरळ रस्ता कुणाच्या दारातून जातो आणि वळणाची पाऊलवाट कुणाच्या, हे मला नव्याने सांगायला नको होतं.

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी मी एका विद्यार्थ्याला घेऊन सायकलने दोन्ही वाटा मोजल्या. आधी रस्त्यावर फितीने 100 मीटर आखून चाकाचा एक फेरा 2.12 मीटरचा आहे हे पक्कं केलं. व्हॉल्व्हजवळ खडूची खूण केली. तो फेरे मोजत होता, मी दर शंभराला वहीत रेघ मारत होतो. पाऊलवाटेवर सायकल हाताने ढकलत नेली, प्रत्येक वळण पायवाटेच्या मधोमध धरून. डांबरी रस्त्यावर 1,401 फेरे भरले, म्हणजे 2,970 मीटर. वाडीच्या वाटेवर, चुन्याची खूण राहिलेल्या ऐनापर्यंत, 1,495 फेरे, म्हणजे 3,169 मीटर.

गणित तिथेच बांधावर बसून केलं. वाडीवरच्या मुलीची चाल किलोमीटरला साधारण 4 मिनिटं 8 सेकंद होती, रस्त्याकडच्या मुलीची 4 मिनिटं 9. खऱ्या 3 किलोमीटरला एकीला 12:23 लागले असते, दुसरीला 12:27. चिखलाचे 20 सेकंद न सोडताही वाडीवरची मुलगी पुढे होती. ते सोडले तर प्रश्नच नव्हता. विद्यार्थ्याने विचारलं, “सर, बरोबर आलं का?” मी म्हटलं, “हो, आता बरोबर आलं.”

फेब्रुवारीत मी भट्टीवर गेलो. ती आईबरोबर विटा थापत होती. आईने माझ्यासाठी पाणी आणलं, बसायला फळी दिली. मी वही उघडून तिला सगळं सांगितलं. वाट तू म्हणालीस तशी लांबच होती, 169 मीटरनी लांब. मी तुझं ऐकलं नाही. जागा तुझी होती.

ती थोडा वेळ वहीकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, “मग आता तिला परत पाठवणार का सर?”

म्हटलं, नाही. तिची काय चूक? ती बरी पळतेय तिकडे.

“मग बरं,” ती म्हणाली आणि हात धुवायला गेली.

शिबिराकडे मी आणखी एका जागेसाठी अर्ज केला, माझी चूक कागदावर लिहून. उत्तर यायच्या आत मार्चमध्ये करोनाची टाळेबंदी लागली आणि शिबिरही बंद झालं. वाडीवरची माणसं एप्रिलच्या उन्हात चालत परतली. शाळा पुन्हा नीट सुरू झाली तोवर ती शिबिराच्या वयाच्या अटीबाहेर गेली होती. दहावी तिने पूर्ण केली. शाळेसाठी एक हंगाम पळाली, चांगली पळाली, मग थांबली. शिबिराला गेली असती तर ती कुठवर पोहोचली असती, हे मला सांगता येणार नाही. ते कळण्याची संधी मात्र माझ्यामुळे गेली, हे मी सांगू शकतो.

घड्याळ मी फेकून दिलं नाही. सरावात ते कामाला येतं, आणि आता काही नवी घड्याळं दोन वारंवारतांवर संदेश ऐकतात, त्यामुळे दाट रानातही पूर्वीपेक्षा बरी चालतात. पण निवड असेल तेव्हा मुलांना एका वाटेवर, एका वेळी, शेजारी शेजारी उभं करतो, आणि त्यासाठी आठ-दहा दिवस थांबावं लागलं तर थांबतो. नवी वाट आखायची असेल, तर सायकल काढतो. ज्या मुलाची ती वाट असेल ते पुढे चालतं आणि प्रत्येक वळणावर थांबून हात वर करतं, मग मी चाक तिथवर नेतो. मोजून झालं की आधी त्याला विचारतो, किती वाटली. त्याचा आकडा वहीत लिहितो आणि त्याच्याखाली माझा.

2019 चं ते पान मी खोडलेलं नाही. 12:20 आणि 13:05 तिथेच आहेत. खाली लाल शाईने दोन्ही वाटांची खरी लांबी लिहिली आहे, आणि 3,169 च्या पुढे तिचं ऑगस्टमधलं वाक्य: ही वाट लांब आहे.